धुक्यात अडकलेली बाटली, खारघरची पिशवी

पनवेल तालुक्यात, खारघरच्या डोंगराला लागून, टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था आहे. तिथल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात ४ जून २०२१ रोजी एका रुग्णाच्या शिरेला एक लहानशी पिशवी लावली गेली. पिशवीतला द्रव किंचित गढूळ होता आणि त्यात त्या रुग्णाच्याच पेशी होत्या. काही दिवस आधी त्या त्याच्या रक्तातून यंत्राने वेगळ्या काढल्या होत्या, खाडीपलीकडे पवईला आयआयटीच्या प्रयोगशाळेत नेल्या होत्या, आणि तिथे त्यांना मुद्दाम एका विषाणूची लागण करवली होती. हा विषाणू दात काढलेल्या सापासारखा होता. स्वतःची पिलावळ वाढवण्याची ताकद त्याच्यात ठेवलेलीच नव्हती. एक जनुक पेशीच्या आत नेऊन सोडायचं, एवढंच त्याचं काम. ते जनुक मिळालेली पेशी शरीरातल्या ‘बी’ पेशी हुडकून मारते. रुग्णाला याच पेशींचा, रक्ताचा कर्करोग होता, आणि कार-टी नावाचा हा उपचार भारतात त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

पनवेलच्या इतिहासात बंदर येतं, मिठागरं येतात, शिरढोणचे वासुदेव बळवंत येतात. या पिशवीलाही त्यात जागा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं. तिच्यामागची गोष्ट साठ वर्षांची आहे. ती कर्करोगाच्या वाटेने निघाली आणि चालत चालत एका वेगळ्याच आजाराच्या दारात पोचली. त्या आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. रुग्ण आणि डॉक्टर त्याला ‘एमएस’च म्हणतात.

एमएस बहुतेकदा विशी ते चाळिशीत गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. एके सकाळी एका डोळ्याने धूसर दिसू लागतं. डोळा हलवला की दुखतो. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून माणूस चष्म्याच्या दुकानात जातो. काही आठवड्यांत डोळा आपोआप सुधारतो आणि घरचे विसरून जातात. मग वर्ष-दीड वर्षाने पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, मान खाली घातली की पाठीतून विजेचा झटका उतरावा तसं होणं. आपल्या कोकणपट्टीत आणखी एक खूण लवकर कळते. कढत पाण्याने अंघोळ केली किंवा मे महिन्यात दुपारी स्टेशनपर्यंत चालत गेलं, की नजर पुन्हा अंधुक होते, पाय जड होतात, आणि पंख्याखाली बसलं की तासाभरात सगळं जागेवर येतं. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उथॉफ यांनी ही गोष्ट १८९० सालीच टिपून ठेवली होती. मेंदूतल्या तंतूंवर विजेच्या वायरीसारखं एक वेष्टन असतं, मायलिन नावाचं. एमएसमध्ये ते जागोजागी सोललं जातं. सोललेल्या तंतूतून संदेश कसाबसा जात असतो, आणि अंग तापलं की तेवढाही जात नाही.

हे वेष्टन सोलतं कोण? आपलीच प्रतिकारयंत्रणा. पण तिला ही दुर्बुद्धी कुठून होते, या प्रश्नाने दीडशे वर्षं वैद्यकाला छळलं.

त्याच्या उत्तराचा पहिला धागा हाती आला, तेव्हा तो ज्यांच्या हातात होता त्यांच्या मनात एमएस नव्हताच. युगांडातल्या कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यचिकित्सक होते. १९५७ पासून त्यांच्याकडे लहान मुलं येत होती, जबडा टेनिसच्या चेंडूएवढा सुजलेली. ही गाठ कर्करोगाची होती, आणि ती आफ्रिकेच्या एका ठरावीक उष्ण, पावसाळी पट्ट्यातच आढळत होती. २२ मार्च १९६१ रोजी बर्किट लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्याख्यानाला आले. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन नावाचे तरुण विकृतिशास्त्रज्ञ होते. आजार हवामानाला आणि प्रदेशाला धरून पसरतो म्हणजे यामागे जंतू असणार, हे त्यांच्या डोक्यात लख्ख उजाडलं. मग कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला येऊ लागले. दोन वर्षं एप्स्टाइन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहत राहिले. हाती काहीच लागलं नाही.

५ डिसेंबर १९६३ रोजी लंडनवर दाट धुकं होतं. कंपालाचं विमान मँचेस्टरला वळवलं गेलं आणि नमुन्याची बाटली तासन्‌तास उशिराने पोचली. आतलं पाणी गढूळ झालं होतं. असं पाणी म्हणजे जिवाणू शिरले, नमुना नासला, फेकून द्या, हा प्रयोगशाळेचा साधा नियम. फेकण्याआधी एप्स्टाइन यांनी एक थेंब काचपट्टीवर घेऊन पाहिला. जिवाणू एकही नव्हता. गाठीच्या कडेपासून सुटलेल्या जिवंत पेशी मोकळ्या तरंगत होत्या. विमानाच्या हिसक्यांनी त्या झडल्या होत्या. त्याच मोकळ्या पेशी त्यांच्या सहकारी इव्हॉन बार यांनी वाढवायला घेतल्या आणि त्या वाढल्या. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी एप्स्टाइन यांनी त्यांतली एक पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर आत विषाणूचे कण. झोताने नमुना जळून जाईल या भीतीने त्यांनी यंत्र बंद केलं, अंगात कोट न घालता बाहेर पडले आणि बर्फात इमारतीला एक चक्कर मारून आले. परत येऊन पाहिलं, तर कण तिथेच होते. बर्ट अचाँग यांच्या साथीने त्यांनी महिन्याभरात ‘लॅन्सेट’मध्ये शोध छापला. विषाणूला नाव मिळालं एप्स्टाइन-बार.

त्या काळात मुंबईत कोण काय करत होतं, हे इथे सांगितलंच पाहिजे. परळला वसंत रामजी खानोलकर होते. टाटा रुग्णालय १९४१ मध्ये उघडलं तेव्हापासून प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे होती. बर्किट यांनी आफ्रिकेत जो प्रश्न विचारला तोच खानोलकरांनी आधी आपल्या माणसांबद्दल विचारला होता: हा कर्करोग इथेच का? कमरेला धोतर घट्ट आवळून वर्षानुवर्षं घासल्याने होणारा कर्करोग त्यांनी १९४५ मध्ये नोंदवला. १९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांच्या शिष्या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, पुण्याच्या. पीएच.डी. झाल्यावर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. जगभर पसरलेल्या हेला पेशी याच प्रयोगशाळेत वाढल्या. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवण्याची कला त्यांनी परळला आणली आणि भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांमध्ये आईच्या दुधातून पिलांकडे जाणारा आणि पुढे स्तनाचा कर्करोग करणारा विषाणू असतो, त्यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. विषाणूमुळे कर्करोग होऊ शकतो, ही गोष्ट लंडनमध्ये अनेकांच्या गळी उतरत नव्हती तेव्हा परळच्या पिंजऱ्यांत तिचा रोजचा अभ्यास चालला होता. एप्स्टाइन यांची गढूळ बाटली रणदिवेबाईंच्या टेबलावर आली असती, तर त्यांनीही ती फेकली नसती याची मला खात्री वाटते. २००२ मध्ये ही संशोधन संस्था परळहून खारघरला हलली. ॲक्ट्रेकचं घराणं हे असं आहे.

विषाणूची पुढची हकिगत फिलाडेल्फियात घडली. वेर्नर आणि गेर्ट्रूड हेन्ले या दांपत्याच्या प्रयोगशाळेत एक तंत्रज्ञ तरुणी होती. तिच्या रक्तात या विषाणूची खूण नव्हती, म्हणून ताडून पाहायला तिचं रक्त नेहमी वापरलं जाई. १९६७ मध्ये ती आजारी पडली. ताप, घसादुखी, मानेच्या गाठी सुजलेल्या. बरी होऊन आल्यावर तिचं रक्त तपासलं, तर खूण उमटलेली. पाश्चात्त्य देशांत कॉलेजच्या वयात येणारा ‘मोनो’ नावाचा ताप या विषाणूचा आहे, हे त्यातून कळलं. मग जगभर रक्तं तपासली गेली आणि दिसलं की मोठ्या माणसांपैकी सुमारे ९५ टक्क्यांच्या अंगात हा विषाणू आहे. तो लाळेतून येतो आणि प्रतिकारयंत्रणेच्या बी पेशीत घर करतो. बी पेशी ही खरं तर शत्रूविरुद्ध प्रतिपिंडं बनवणारी शिपाई. विषाणू तिच्यात शिरून गप्प बसतो, तिला मरू देत नाही, आणि जन्मभर तिथेच राहतो.

एमएसचे अभ्यासक तेव्हा दुसरीकडेच पाहत होते. पॅरिसला शार्को यांनी १८६८ मध्ये या रोगाचं नीट वर्णन केलं. १९३३ मध्ये टॉमस रिव्हर्स यांनी माकडांना मेंदूचा अर्क टोचून तसाच रोग घडवून दाखवला, आणि पुढे त्या प्रयोगांच्या बळावर सगळा दोष प्रतिकारयंत्रणेच्या दुसऱ्या शिपायांवर, ‘टी’ पेशींवर गेला. बी पेशींविरुद्ध पुरावा होता. रुग्णांच्या पाठीतून काढलेल्या पाण्यात प्रतिपिंडं वाढलेली असतात, हे एल्विन कबाट यांनी १९४० च्या दशकातच दाखवलं होतं. निदानासाठी ही तपासणी डॉक्टर रोज करत राहिले, पण तिचा अर्थ कुणी लावला नाही.

आपल्याकडे तर एमएस नाहीच, असंच मानलं जाई. गोऱ्यांचा, थंड मुलखातला आजार. जे.जे. रुग्णालयात नोशीर वाडिया यांनी मज्जाविकारांचं काम उभं केलं, आणि त्यांनी व भीमसेन सिंघल यांनी १९७५ मध्ये मुंबई परिसरातल्या एमएस रुग्णांचा सविस्तर आलेख छापला. आजार इथे होता. कमी होता, पण होता. सर्वसाधारण लोकसंख्येत दर लाखाला एकाच्या आसपास, असा तेव्हाचा अंदाज. नंतर मुंबईच्या पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन १४,०१० माणसं तपासली गेली. त्या पाहणीत वाडिया, सिंघल, भरुचा कुटुंबातले डॉक्टर आणि अमेरिकेचे जॉन कुर्ट्झके होते. १९८८ मध्ये निष्कर्ष आला: पारशांत प्रमाण लाखाला वीसच्या वर. हवा तीच, समुद्र तोच, ऊन तेच, आणि फरक इतका. नुसत्या हवामानाने उत्तर मिळत नव्हतं, हे मुंबईने जगाला दाखवलं. १९८५ मध्ये मुंबईतच मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली.

वाडियांचंच आणखी एक काम या गोष्टीत मला फार मोलाचं वाटतं. १९७१ मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. लाल डोळे, चिकटलेल्या पापण्या, घराघरात गुलाबपाण्याच्या घड्या. चार-पाच दिवसांत लोक बरे होत. पण त्यानंतर काही आठवड्यांनी रुग्णालयात मोठी माणसं येऊ लागली, पाय लुळे पडलेली, पोलिओ झाल्यासारखी. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकाला मागचं विचारलं आणि दर वेळी डोळे आल्याची हकिगत निघाली. १९७२ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ला कळवलं: ही नवी डोळ्यांची साथ मज्जातंतूंवर घाला घालते. त्या साथीचा विषाणू पुढे एन्टेरोव्हायरस ७० म्हणून ओळखला गेला. लागण आणि लुळेपणा यांच्यात काही आठवड्यांचंच अंतर होतं, म्हणून नीट विचारणाऱ्या डॉक्टरला दुवा सापडला. एमएसमध्ये हे अंतर वर्षांचं आहे. कुणाला आठवतो दहा वर्षांपूर्वीचा ताप? आणि ज्या विषाणूची खूण शंभरातल्या पंच्याण्णव निरोगी माणसांत आहे, त्याच्यावर आळ घ्यायचा कसा?

तरी आळ घेणारे निघाले. ऑस्ट्रेलियाचे मायकेल पेंडर २००३ पासून सांगत होते की एप्स्टाइन-बारची लागण झालेल्या, भरकटलेल्या बी पेशी मेंदूत जाऊन बसतात आणि तिथून घात करतात. २००७ मध्ये रोमच्या बार्बरा सेराफिनी आणि फ्रान्चेस्का अलोइसी यांनी मृत रुग्णांच्या मेंदूचे काप तपासले. २२ पैकी २१ जणांच्या मेंदूत त्यांना लागण झालेल्या बी पेशी दिसल्या. मेंदूच्या आवरणात त्यांनी लहान लहान वस्त्या केल्या होत्या. दुसऱ्या प्रयोगशाळांनी तसेच काप पाहिले, त्यांना विषाणू सापडला नाही. बरीच वर्षं कडवा वाद चालला.

तेवढ्यात औषधाच्या बाजूने पुरावा आला. रिटुक्सिमॅब हे लिम्फोमाचं, म्हणजे बी पेशींच्या कर्करोगाचं औषध. त्याने बी पेशी नाहीशा होतात. स्टीफन हाउझर यांनी ते १०४ रुग्णांच्या चाचणीत एमएसवर वापरून पाहिलं आणि २००८ मध्ये निकाल जाहीर केला. मेंदूतले नवे डाग जवळपास थांबले, तेही काही आठवड्यांत. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पक्व पेशींना हे औषध हात लावत नाही, तरी गुण आला. म्हणजे घात फक्त प्रतिपिंडांतून होत नव्हता, बी पेशी स्वतःही तो करत होत्या. दोष टी पेशींवर ठेवून काढलेली वर्षं रुग्णांच्या वाट्याची होती, हे विसरता येत नाही.

आणि मग जानेवारी २०२२. हार्वर्डचे आल्बेर्तो आस्केरियो आणि शेतिल ब्यॉर्नेविक यांनी अमेरिकी लष्कराच्या साठवलेल्या रक्ताकडे मोर्चा वळवला. सैनिकांचं रक्त एचआयव्हीच्या तपासणीसाठी दर काही वर्षांनी घेतलं जाई आणि उरलेलं गोठवून ठेवलं जाई. एक कोटीहून जास्त माणसं, वीस वर्षं. त्यांतल्या ज्यांना पुढे एमएस झाला, अशा ८०१ जणांचे आजाराआधीचे नमुने मिळाले. पहिल्या नमुन्यात ३५ जणांना एप्स्टाइन-बारची लागण नव्हती. आजार सुरू होईपर्यंत त्यांतल्या ३४ जणांना ती झाली होती. लागणीनंतर धोका ३२ पटींनी वाढला. मज्जातंतू झिजल्याची रक्तातली खूणही लागणीनंतरच वर चढत होती. दुसऱ्या विषाणूंच्या लागणीने असं काही होत नव्हतं. याच महिन्यात स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की विषाणूचं एक प्रथिन आणि मेंदूतलं एक प्रथिन यांचा एक तुकडा इतका सारखा आहे, की विषाणूसाठी बनवलेलं प्रतिपिंड मेंदूलाही चिकटतं. वाडियांनी खाटेशेजारी बसून जो प्रश्न विचारला होता, ‘याआधी काय झालं होतं?’, त्याचं उत्तर इथे गोठवलेल्या नळ्यांनी दिलं.

आपल्याकडे एमएस कमी का, हे कोडं यातून थोडं उलगडतं. आपल्या घरांत लहान मूल सगळ्यांच्या हातून वाढतं, एकाच ताटातला घास सगळे भरवतात. बहुतेक मुलांना ही लागण शाळेत जायच्या आधीच होऊन जाते आणि ती कळतसुद्धा नाही. मोनोचा ताप येतो तो लागण उशिरा, तरुण वयात झाली तर, आणि हा ताप येऊन गेलेल्यांत एमएसचं प्रमाण जास्त दिसतं. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये एक अभ्यास झाला. भारतीय उपखंडातून तिकडे गेलेल्या आई-वडिलांत एमएस दुर्मिळ होता. त्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांत मात्र तो इतर ब्रिटिश मुलांइतकाच आढळू लागला होता. रक्त तेच, बालपण वेगळं. लेस्टर किंवा लंडनला स्थायिक झालेल्या मराठी घरांनीही हे वाचावं असं वाटतं. इकडे भारतातही एमआरआय आल्यापासून रुग्ण पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त सापडतात. त्यातला किती भाग तपासणीचा आणि किती बदललेल्या बालपणाचा, यासाठी वाडिया-भरुचांसारखं पुन्हा घरोघर फिरावं लागेल. ते काम आपल्याच विद्यापीठांनी, आपल्याच तालुक्यांत करायला हवं.

खारघरच्या पिशवीतल्यासारख्या पेशी एव्हाना कर्करोगापलीकडेही पोचल्या होत्या. जर्मनीत एर्लांगेनला गेओर्ग शेट यांनी २०२१ पासून ल्युपसच्या रुग्णांना कार-टी पेशी दिल्या. ल्युपसमध्येही प्रतिकारयंत्रणा आपल्याच शरीरावर उलटते. कर्करोगासाठी बनलेल्या या पेशी बी पेशींचा पार निचरा करतात. वर्षानुवर्षं आजारी असलेल्या तरुण मुली औषधांशिवाय राहू लागल्या. २०२४ मध्ये हॅम्बुर्गहून एमएसच्या दोन रुग्णांचा वृत्तान्त आला. कार-टी पेशी त्यांच्या पाठीच्या पाण्यापर्यंत पोचल्या होत्या. शिरेतून दिलेली रिटुक्सिमॅबसारखी प्रतिपिंडाची औषधं मेंदूत फारशी शिरत नाहीत, पण जिवंत पेशी स्वतः चालत जाते.

खारघरला आणि परळला हा उपचार रक्ताच्या कर्करोगासाठी चालतो. आयआयटीचे राहुल पुरवार, त्यांचे विद्यार्थी अथर्व करुळकर आणि अलका द्विवेदी, टाटाचे हसमुख जैन आणि गौरव नरुला यांनी तो घडवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईला तो देशासमोर आला. परदेशात तीन-चार कोटी रुपये लागतात, तिथे आपल्याकडे तीस ते चाळीस लाख. ही रक्कमसुद्धा पनवेलच्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. पवईच्या त्या कार्यक्रमाआधी दोनच महिने, ६ फेब्रुवारीला, अँथनी एप्स्टाइन वयाच्या १०२ व्या वर्षी वारले.

एमएसच्या रुग्णाच्या हाती आज आहे ते रिटुक्सिमॅब. २००७ मध्ये ‘रेडिटक्स’ या नावाने ते भारतात स्वस्तात बनू लागलं आणि इथल्या डॉक्टरांनी ते एमएससाठी वापरायला घेतलं. सहा-सहा महिन्यांनी सकाळी लवकर निघायचं, हार्बरची लोकल पकडायची, मुंबईच्या रुग्णालयात खुर्ची किंवा खाट मिळवायची. आधी अॅलर्जीचं इंजेक्शन, मग सलाइन. पहिला तास थेंब अगदी हळू सोडतात, कुणाला थंडी वाजून येते म्हणून. नर्स दर अर्ध्या तासाने येऊन रक्तदाब बघते आणि चिमटा थोडा सैल करते. शेजारच्या खाटेवर लिम्फोमाचा रुग्ण असेल, तर त्याच्या स्टँडला टांगलेली बाटलीही पुष्कळदा हीच असते.